ओढ्याकाठची पाहुणी

"तोडू नका हां... रुसते ती."

सुचित्राचा पुढे झालेला हात जागीच थांबला. आवाज पाण्याच्या बाजूनं आला होता. तिनं वळून पाहिलं. ओढ्यातल्या काळ्या खडकावर एक तरुण बसला होता. पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पाय वाहत्या पाण्यात सोडलेले, आणि चेहऱ्यावर असं हसू... जणू हा सगळा डोंगर याच्याच नावावर आहे.

"मी तोडत नव्हते," ती म्हणाली. "नुसती बघत होते."

"बोटांनी?"

तिनं हात पदराआड घेतला.

१९८२ सालचा श्रावण होता. बेलापूरचा डोंगर ओलाचिंब, हिरवागार. घटकेत ऊन, घटकेत भुरभुर. खाली नव्या वसाहतीच्या पिवळट इमारती अजून अर्ध्या रिकाम्याच होत्या, आणि त्यांच्यापलीकडे खाडीचं पाणी चमकत होतं. वर्षभरापूर्वी सुचित्रा आणि तिचे वडील, अरविंद दिघे, गिरगावची खोली सोडून इथे राहायला आले होते. आई गेल्यावर त्या खोलीत दोघांचंही मन रमेना. वडील रोज फोर्टातल्या ऑफिसात जायचे, आणि सुचित्राला वसाहतीतल्या प्राथमिक शाळेत नोकरी मिळाली होती. पण कच्ची... अजून कायम व्हायची होती. चौथीच्या मुलांना डोंगर दाखवून आणा, असं मुख्याध्यापिका सरोजिनीबाईंनी सांगितलं, म्हणून वाट कशी आहे ते बघायला ती आज एकटीच वर आली होती.

आणि ओढ्याच्या काठाशी तिला ते फूल दिसलं होतं. कर्दळीसारखी रुंद पानं, आणि त्यांच्या मधून वर आलेला कणसासारखा तुरा. तुऱ्याचा शेंडा कोवळा गुलाबी. खाली हिरव्या वाट्या, प्रत्येक वाटीत थोडंसं पावसाचं पाणी, आणि त्यातून डोकावणारी पिवळीधमक फुलं. काठावरच्या ओल्या मातीत असे कितीतरी तुरे उभे होते, माहेरी जमलेल्या मुलींसारखे एकमेकांना खेटून.

"काय म्हणतात हिला?" तिनं विचारलं.

तो जरा थांबला. अगदी जरासाच. "पाहुणी."

"पाहुणी?"

"पावसाबरोबर येते. पाऊस गेला की हीही जाते, मागं पानसुद्धा ठेवत नाही. पुढच्या वर्षी परत त्याच जागी हजर. म्हणून पाहुणी."

किती छान नाव... सुचित्राच्या मनात आलं. मोठ्यानं ती एवढंच म्हणाली, "तुम्हाला बरंच ठाऊक आहे."

"तुम्ही विचारून बघा."

तिनं विचारलं. गवतातल्या इवल्या निळ्या फुलाला 'शाईचा थेंब' म्हणतात, असं तो म्हणाला. खडकाच्या फटीतल्या पांढऱ्या फुलाला 'चुकलेली चांदणी'. आणि ताठ मानेनं उभ्या असलेल्या एका पिवळ्या फुलापाशी तो पुन्हा जरासा थांबला.

"हिला 'बाई' म्हणतात. शाळेतली बाई."

"मी शाळेत शिकवते हे तुम्हाला कसं कळलं?"

"नव्हतं कळलं," तो म्हणाला. "आत्ता कळलं."

सुचित्राला हसू आवरलं नाही. त्याचं नाव जयदेव भोईर. खाडीकाठच्या दिवाळे गावचा.

"दिवाळ्याचे म्हणजे कोळी ना? मग समुद्र सोडून डोंगरावर?"

"होडीत बसलो की ओकाऱ्या सुरू होतात. आमच्या घराण्यात असा नग झाला नाही, आई म्हणते. मग काय, तळोज्याला कंपनीत लागलो. फर्स्ट शिफ्ट सुटली की इकडे येतो. डोंगराचं बरं असतं... हलत नाही."

तेवढ्यात सर आली. दोघं कुड्याच्या एका झाडाखाली उभे राहिले. झाड लहान, सावली तोकडी. थोड्या वेळानं सुचित्राच्या लक्षात आलं की आपण कोरड्या आहोत आणि त्याचा डावा खांदा पार भिजून गेलाय. तो मुद्दाम अर्धा बाहेर उभा होता. ती थोडीशी आत सरकली... त्याला जागा व्हावी इतकी. तो मात्र सरकला नाही.

सर थांबली तेव्हा तो म्हणाला, "परत याल?"

"शनिवारी मुलांना घेऊन येणार आहे."

"मी मुलांचं नव्हतं विचारलं."

वाट उतरताना निसरड्या दगडांकडे तिचं नीट लक्षच नव्हतं.

शनिवारी तो वाटेच्या तोंडाशीच उभा होता. चौथीच्या मुलांनी त्याला लगेच आपलंसं केलं. पाहुणी, शाईचा थेंब, चुकलेली चांदणी... मुलं नावं ओरडत काठाकाठानं धावत होती. 'बाई' या फुलापाशी तर सगळ्यांनी हात जोडून "नमस्ते बाई" केलं, आणि सुचित्राचे कान तापले. जयदेव लांब उभा राहून अगदी साळसूदपणे आभाळ बघत होता.

नंतर ती एकटीच जाऊ लागली. शाळा सुटल्यावर, तास-दीड तास. तो कधी असायचा, कधी सेकंड शिफ्टला गेलेला असायचा. नसला की ओढा नुसताच वाहायचा, फुलं नुसतीच उभी असायची, आणि तिचं मन कशातच लागायचं नाही.

"डोंगरावर काय आहे एवढं?" वडिलांनी एकदा विचारलं.

"फुलं," ती म्हणाली. खोटं नव्हतंच ते.

घरी दिवसाआड जमुनाबाई यायच्या, डोक्यावर माशांची पाटी घेऊन. कपाळावर कुंकू नाही, पण कानांत जड सोन्याच्या कुड्या, आणि आवाज तिसऱ्या मजल्यावर पोचेल असा. सुचित्राला मासे पारखायला त्यांनीच शिकवलं.

"ही सुरमय घेऊ नुको बाय, शिली हाय. कल्ला बग, कसा काला परला. ही मांदेली घे, तुज्या बापाला खायला आवरतील."

"तुम्ही स्वतःच्याच मालाला शिळं म्हणता, जमुनाबाई?"

"तुला सांगते. समोरच्या दारात नाय सांगनार."

भाद्रपदात शाळेची तपासणी आली. शिक्षण खात्याचे साहेब चौथीच्या वर्गात आले. सुचित्रानं मुलांकडून फळ्यावर रंगीत खडूंनी डोंगरावरची फुलं काढून घेतली होती. साहेबांनी गुलाबी तुऱ्यावर बोट ठेवलं, आणि सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "पाहुणी."

साहेबांनी भुवया उंचावल्या. पण बोलल्या त्या सरोजिनीबाई. "ही रानहळद आहे. आमच्याकडे रत्नागिरीला गौरीपुढे ठेवतात. पाहुणी कुणी सांगितलं?"

मग त्यांनी एकेक फूल विचारलं. शाईचा थेंब. चुकलेली चांदणी. 'बाई' म्हटल्यावर साहेब हसले आणि पुढच्या वर्गात गेले. सरोजिनीबाई हसल्या नाहीत. मधल्या सुट्टीत त्यांनी सुचित्राला बोलावून घेतलं.

"चुकणं मी समजू शकते. पण तपासून न बघता मुलांना काहीही सांगायचं? तुम्हाला कायम करायचं की नाही, याच वर्षी ठरायचं आहे, सुचित्रा."

त्या संध्याकाळी ती डोंगर चढली ती धापा टाकत. जयदेव नेहमीच्या खडकावर होता. तिला पाहून तो उठला, हसला... आणि तिचा चेहरा पाहून त्याचं हसू मावळलं.

"रानहळद म्हणतात हिला," ती म्हणाली. "तुम्हाला माहीत होतं?"

"नाही."

"आणि बाकीची?"

तो पाण्याकडे बघत राहिला. "मला एकाही फुलाचं नाव ठाऊक नव्हतं."

"मग तसं सांगायचं."

"सांगितलं असतं तर तुम्ही खाली निघून गेला असता. परत आला नसता."

"आले असते की नसते..." ती म्हणाली. "ते मला ठरवू द्यायचं होतं. मी ती नावं खरी मानली, मुलांना शिकवली. तुमची गंमत झाली, माझी नोकरी जायची वेळ आलीय."

ती वळली. त्यानं हाक मारली नाही. मारली असती तर बरं झालं असतं की नसतं, हे तिचं तिलाही कळेना.

त्यानंतर ती डोंगराकडे फिरकली नाही. गौरी-गणपती गेले. खिडकीतून तो हिरवा उतार दिसायचा, म्हणून ती पडदा ओढून बसायची. मग पडदा ओढला म्हणून चिडायची. एकदा जमुनाबाई पाटी उतरवून दारात टेकल्या आणि त्यांनी सुस्कारा सोडला.

"माजा पोरगा येरा झालाय, बाय. सुट्टीच्या दिवशी गावातल्या म्हाताऱ्या गाठतो. पार खारघरच्या आदिवाशांच्या पारयावरसुद्दा जाऊन आयला. ह्या फुलाचा नाव काय, त्या फुलाचा नाव काय... जेवायचा भान नाय. कंपनीत कोन विचारतो त्याला फुलांचा नाव?"

सुचित्राच्या हातातलं पापलेट तसंच राहिलं. "कुठल्या कंपनीत असतो?"

"तलोज्याला. जयदेव माजा. एकलाच हाय."

तिनं पापलेट पाटीत ठेवलं, मग परत उचललं. जमुनाबाई तिच्याकडे बघत होत्या.

दिवाळीची सुट्टी लागायच्या आधी, एका शनिवारी, सुचित्रा वर्गात शिकवत असताना सरोजिनीबाई दारात आल्या. त्यांच्या मागे जयदेव होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, नीट विंचरलेले केस, आणि परीक्षेला बसल्यासारखा चेहरा.

"यांना मुलांशी बोलायचं आहे," सरोजिनीबाई म्हणाल्या. "मी परवानगी दिलीय."

तो फळ्यासमोर उभा राहिला. सुचित्रा खिडकीपाशी सरकली.

"मी तुम्हाला फुलांची नावं सांगितली होती," तो मुलांना म्हणाला. "ती सगळी मी मनानं बनवली होती. बाईंना वाटलं ती खरी आहेत. त्यांची चूक नाही. माझी आहे."

पहिल्या बाकावरच्या अरुणानं हात वर केला. "का बनवली?"

"मला येत नव्हती म्हणून. आणि... मला बाईंसमोर हुशार दिसायचं होतं."

"मग दिसलात?"

"नाही."

वर्ग खसखसून हसला. सरोजिनीबाईंनी पदर तोंडाशी नेला. मग त्यानं एकेक खरं नाव सांगितलं, कुणाकडून कळलं तेही सांगितलं. निळ्या फुलाचं मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. "त्याचं नाव मला सापडलं नाही," तो म्हणाला, "आणि आता मी बनवणार नाही."

"पण आम्ही पाहुणीच म्हणणार," अरुणा म्हणाली, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

"म्हणा," सरोजिनीबाई म्हणाल्या. "पेपरात रानहळद लिहा म्हणजे झालं."

जाताना त्यानं खिडकीकडे पाहिलं. पाहिलं म्हणजे... एकदाच, आणि लगेच नजर खाली घेतली. इतक्या दिवसांत तो तिच्याकडे बघायला घाबरतोय, असं सुचित्राला पहिल्यांदा दिसलं.

दुसऱ्या दिवशी ती डोंगरावर गेली.

ओढ्यात पाणी उरलं नव्हतं, नुसते दगड. काठावरची रुंद पानं पिवळी पडून जमिनीला टेकली होती. एकही तुरा नव्हता. जयदेव खडकावर बसला होता, आणि तिला पाहून तो उठला नाही, कारण त्याला बहुतेक खरंच वाटत नव्हतं.

"सगळी गेली," ती म्हणाली.

"गेली नाही. खाली आहे." त्यानं बोटांनी माती उकरली. आत एक छोटासा गड्डा होता, मातकट, गाठीगाठींचा. नखानं जरा खरवडलं तशी आतली पिवळी झाक दिसली, आणि वास आला. हळदीचा, पण रानातला, थोडासा कैरीसारखा. "हे मला आत्यानं दाखवलं. धोंडूबाई, आमची म्हातारी आत्या. पावसापर्यंत हिला हात लावायचा नसतो." त्यानं माती पुन्हा लोटली आणि तळव्यानं हलकेच दाबली.

त्याचे हात मातीनं भरले होते. सुचित्रानं पिशवीतली पाण्याची बाटली काढली. "हात पुढे करा."

ती पाणी ओतत होती आणि तो हात धूत होता. बाटली रिकामी झाली तरी दोघांचे हात तसेच होते.

"मला सरळ बोलायची सवय नाही," तो म्हणाला. "पण आज बोलतो. मला तुम्ही आवडता."

"हे बनवलेलं नाही ना?"

"बनवलं असतं तर जरा बरं बनवलं असतं."

ती हसली. हसता हसता डोळे भरून आले, आणि ते त्यानं बघू नयेत म्हणून तिनं खाडीकडे तोंड फिरवलं. "मग 'तुम्ही' काय म्हणतोस," ती म्हणाली. "तू म्हण."

तो हिवाळा कसा सरला ते तिला पुढे कधीच नीट सांगता आलं नाही. गवत सोनेरी झालं, मग करडं झालं. सकाळी डोंगरावर धुकं असायचं आणि संध्याकाळी खाडीवरून वारा यायचा, मिठाच्या वासाचा. कोरड्या ओढ्यातल्या दगडांवरून दोघं चालायचे. तो कंपनीतल्या गमती सांगायचा, ती वर्गातल्या. कधी काहीच नाही. जानेवारीत सरोजिनीबाईंनी तिला कायम झाल्याचं सांगितलं आणि वर म्हणाल्या, "तो मुलगा... शिकवू शकला असता."

पण चैत्रात वडिलांनी विषय काढला. त्यांच्या ऑफिसातल्या मित्राचा मुलगा, सुधीर. इंजिनियर, नागपूरला. रविवारी बघायला येणार होते.

"नको, बाबा," सुचित्रा म्हणाली. आणि मग सगळं सांगितलं.

अरविंदरावांनी हातातल्या वर्तमानपत्राची घडी घातली. परत उलगडलं. परत घडी घातली. "भोईर... म्हणजे आपल्या मासेवालीचा मुलगा?"

"जमुनाबाईंचा."

"ती बाई आपल्या उंबऱ्यावर पाटी घेऊन बसते, सुचित्रा."

"हो. आणि तिनं निवडून दिलेलं तुम्ही दोन्ही वेळा जेवता."

त्यांना ते लागलं. "तुझी आई असती तर..."

"आई असती तर तिनं आधी विचारलं असतं, मुलगा कसा आहे."

वडील उठून आतल्या खोलीत गेले. सुधीरच्या घरी काय कळवलं ते त्यांनी सांगितलं नाही, पण रविवारी कुणी आलं नाही. बाप-लेकीत बोलणं उरलं ते चहा आणि किल्ल्यांपुरतं. तिकडे जयदेवनंही घरी सांगितलं होतं, आणि जमुनाबाईंनी वसाहतीत यायचंच बंद केलं. तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचणारा तो आवाज ऐकू येईनासा झाला.

"आई माझ्याशी बोलत नाही," जयदेव म्हणाला. उन्हानं तापलेल्या डोंगरावर बसायलासुद्धा जागा नव्हती. "पनवेलला जाऊन लग्नाच्या रजिस्टरवर सह्या करू या, सुचित्रा. नंतर येतील सगळे वळणावर. काळजी नको करूस."

"नाही."

"का?"

"मला तुझ्या घरी चोरून नाही यायचं."

ती दिवाळ्याला गेली, एकटी, भर दुपारी. गल्लीच्या तोंडाशी बांबूंवर बोंबील वाळत होते. जमुनाबाई अंगणात सावलीला बसून सुका जवळा निवडत होत्या. त्यांनी वर पाहिलं, आणि हातातलं काम थांबवलं नाही.

"आयलीस?"

"आले." सुचित्रा समोर खाली बसली. थोडा वेळ बघितलं, मग सुपातला मूठभर जवळा आपल्याकडे ओढून तीही निवडू लागली. कचरा वेगळा, शिंपल्यांचे तुकडे वेगळे. वाळूचे कण नखात जात होते.

"मी तुम्हाला आवडत नाही का?" तिनं विचारलं.

"आवरतंस." जमुनाबाईंनी सुपाला हिसका दिला. "तू आवरतंस, त्याचाच भ्याव वाटतो." त्यांनी सूप पुन्हा पाखडलं. "माजा घरवाला दर्यात गेला तो परत आयला नाय. जयदेव लहान होता तवा. ह्यो पोरगा होरीत बसला की ओकतो. लोक हसतात. मी पन हसते, लोकांसमोर. आन् घरी येऊन देवाला नारल ठेवते... बरा झाला, माजा पोर दर्यात जात नाय." त्यांनी पहिल्यांदा सुचित्राकडे नीट पाहिलं. "दर्यानं नेला नाय त्याला. आन् आता बिल्डिंगीनं न्यायचा?"

सुचित्राचे हात थांबले. इतके दिवस तिनं जाती, लोक, शिक्षण यांची उत्तरं तयार ठेवली होती. हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

"मी नेणार नाही," ती म्हणाली. "मी इथे येईन."

"हितं? म्हावऱ्याच्या वासात?"

"सवय होईल. पण बाबा एकटे आहेत. शाळा सुटली की मी रोज त्यांच्याकडे जाईन, त्यांचं जेवणखाण बघेन. त्यात तुम्ही मला अडवायचं नाही."

जमुनाबाई बघतच राहिल्या. "माज्याच दारात बसून मलाच अटी घालतंस?"

"आधीच सांगितलेलं बरं. नंतर कुणी म्हणायला नको, खोटं बोलली."

जमुनाबाईंच्या ओठांचा कोपरा जरासा हलला. हसू होतं की राग, ते कळलं नाही. "बापाला घेऊन ये तुज्या," त्या म्हणाल्या. "त्यांच्या पायानं आमच्या दारी आयले, तर मग बघू."

सुचित्रानं घरी हे सांगितलं नाही. सांगून आणलेल्या माणसाला काय अर्थ, असं तिला वाटत होतं. पाऊस सुरू झाला, शाळा सुरू झाली. अरविंदराव गप्प गप्प झाले होते. ताटातल्या बटाट्याच्या काचऱ्या चिवडत बसायचे.

श्रावणातल्या एका रविवारी सकाळी त्यांनी छत्री हातात घेतली. "कुठे आहे तो तुझा डोंगर?"

ते चढायला सवयीचे नव्हते. दर वळणाला थांबत होते. ओढ्याचा आवाज आधी आला, आणि मग काठ दिसला. रानहळद फुलली होती, गेल्या वर्षीपेक्षाही दाट. जयदेव त्यांना पाहून खडकावरून उठला, ओले हात पॅन्टला पुसत. नमस्कार केला आणि तिथेच उभा राहिला.

अरविंदराव एका दगडावर टेकले. त्यांनी आधी श्वास खाली बसू दिला.

"तुमच्या आई आमच्याकडे यायच्या बंद झाल्या," ते म्हणाले.

"हो."

"का?"

जयदेवनं सुचित्राकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "आईला वाटतं, तुम्ही तिला नुसती मासेवाली समजता."

"समजत होतोच." ते थांबले. "तुम्ही तोंडावर खरं बोलता वाटतं."

"आधी नव्हतो बोलत. महागात पडलं."

सुचित्रानं हसू ओठांत दाबून धरलं. वडिलांनी ते पाहिलं. लेकीच्या चेहऱ्यावर असं काही त्यांनी फार दिवसांत पाहिलं नव्हतं. ते पाण्याकडे, गुलाबी तुऱ्यांकडे बघत राहिले.

"हिच्या आईला फुलांचं फार वेड," ते हळू आवाजात म्हणाले. "गिरगावच्या खिडकीत एक डबा ठेवला होता तिनं. ऊन यायचंच नाही तिथे. लावलेलं मरायचं, ती परत लावायची. मी म्हणायचो, थांब, जरा मोकळी जागा घेऊ. आणि घेतली तेव्हा..." त्यांनी छत्रीची दांडी दुसऱ्या हातात घेतली. मग उभे राहिले. "दिवाळ्याला कुठल्या वाटेनं उतरतात?"

जयदेव पुढे झाला आणि निसरड्या दगडावर त्यानं त्यांना हात दिला. अरविंदरावांनी तो घेतला.

जमुनाबाईंची तारांबळ उडाली. चटई घाला, पाणी आणा, जयदेव, तो पंखा पुस. अरविंदराव चटईवर मांडी घालून बसले आणि पाण्याचा तांब्या दोन्ही हातांनी घेतला.

"मला फार बोलता येत नाही," ते म्हणाले. "मुलगी माझी हट्टी आहे. तुमच्या मुलाला ती आवडते, तर मी मधे कशाला येऊ? एवढंच सांगायला आलो. आणि एक विनंती... बटाटे खाऊन कंटाळलोय."

जमुनाबाईंनी डोळ्यांना पदर लावला, आणि पदराआडूनच म्हणाल्या, "आता मी तुमची व्हीन होनार. व्हीन काय तुमच्या दारात पाटी घेऊन बसंल?"

"विहीणबाईंनी विकू नये," अरविंदराव म्हणाले. "जेवायला बोलवावं."

त्या दोघांचं पुढे बराच वेळ चाललं. लग्न तुळशीच्या लग्नानंतर करायचं ठरलं, सुरमई कुठली आणि पापलेट कुठलं तेही ठरलं. जयदेवला सेकंड शिफ्ट होती. सुचित्रा त्याला सोडायला हायवेपर्यंत निघाली.

बारीक पाऊस होता, अंगावर पडतोय की नाही कळू नये असा. गल्लीतून जाताना दारादारांतल्या बायका बघत होत्या. हायवेवर कंपनीची बस येऊन थांबली. खिडक्यांतून त्याच्या दोस्तांची डोकी बाहेर आली. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला.

"जाऊ?" जयदेव म्हणाला.

"जा."

कुणीच हललं नाही. ड्रायव्हरनं आणखी एकदा हॉर्न वाजवला, वाट पाहिली, आणि दोस्तांच्या शिट्ट्यांसकट बस तळोज्याच्या दिशेनं निघून गेली.

"खाडा लागेल तुझा," ती म्हणाली.

"लागू दे."

त्यानं हात पुढे केला. सगळं दिवाळे बघत होतं. सुचित्रानं तो धरला, आणि ओल्या रस्त्यावरून दोघं परत गावाकडे चालू लागले.